रात्री गाडी कुठे लावायची?

कॅराव्हॅन भाड्याने घेतेय असं सांगितल्यावर घरातल्यांपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळ्यांनी एकच विचारलं, "एवढी मोठी गाडी तुला झेपेल का?" झेपली. पहिल्या दोन तासांत हात बसला. तीन दिवस जीव टांगणीला लावला तो दुसऱ्याच गोष्टीने: दिवस मावळायच्या आत गाडी उभी करायला जागा मिळवणं. गोव्यात आतल्या भागात असं फिरायचं कुणाच्या मनात असेल तर उपयोगी पडावं म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

आम्ही चौघी कॉलेजच्या मैत्रिणी. नावं घालू नकोस अशी तिघींची अट, म्हणून गावावरून ओळख देते: एक पेडण्याची, एक फोंड्याची, एक लग्नानंतर पुण्याला गेलेली, आणि मी डिचोलीची. किनारा लहानपणापासून बघितलेला. यावेळी वाळपई, मोले, सांगे, केपे असं डोंगराच्या बाजूने जायचं ठरवलं. मार्चचा महिना, काजूचा हंगाम, शिगम्याचे दिवस.

गाडी म्हणजे टेम्पो ट्रॅव्हलरच्या सांगाड्यावर बांधलेलं घर. मागे दोन पलंग, वर एक माळा, एका शेगडीचा ओटा, छोटा फ्रिज, शंभर लिटरची पाण्याची टाकी आणि कॅसेटचा संडास, म्हणजे खालून पेटी ओढून काढता येते असा. वजन साडेसात टनांच्या आत असल्यामुळे नेहमीच्या हलक्या वाहनांच्या परवान्यावर चालवता येते. नंबरपाटी काळी आणि अक्षरं पिवळी आहेत ना हे बघून घ्या. स्वतः चालवायला भाड्याने देण्याचा परवाना असलेल्या गाडीची पाटी तशी असते. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी कुणी स्वस्तात देऊ केली तर घेऊ नका, वाटेत अडवलं तर निस्तरणं तुमच्या वाट्याला येतं. ताब्यात घेताना पेडण्याच्या मैत्रिणीने टपासकट गाडीचा व्हिडिओ काढून ठेवला. परत देताना तो कामी आला, कारण टपावरच्या एसीच्या झाकणावरचा जुना ओरखडा आमच्या नावावर मांडून अनामत रकमेतून पैसे कापायची तयारी झाली होती.

ती गाडी देणाऱ्याचं एक वाक्य मात्र माझ्या अजून डोक्यातून जात नाही. संडासाची पेटी कुठे रिकामी करायची असं विचारलं तर म्हणाला, "रानात कुठेही ओता, कोण बघतं?" त्या रानातले झरे आणि ओहोळ खाली येऊन लोकांच्या विहिरींना आणि कुळागरांना, म्हणजे पोफळी-माडांच्या बागांना, मिळतात. हे त्याला माहीत नसेल असं मला वाटत नाही. त्याचा मला राग आला आणि तो अजून आहे.

शुक्रवारी दुपारी म्हापश्याहून निघालो. डिचोली, साखळी करत वाळपईच्या पुढे पोचेपर्यंत साडेसहा झाले. मुक्कामाचं आम्ही काही ठरवलेलं नव्हतं. मिळेल कुठेतरी मोकळं मैदान, असा हिशेब. मैदान मिळालंसुद्धा: गावाच्या मधोमध, झाडून-सारवून लख्ख, कडेला तुळशीवृंदावन. मी गाडी आत वळवली, पुढची दोन चाकं मातीवर गेली, तेवढ्यात एक म्हातारे गृहस्थ हात वर करून धावत आले. पायात वहाणा नव्हत्या.

"बायो, हांगा नाका गो. हो मांड आसा."

मांड म्हणजे गावाचं पवित्र अंगण. शिगम्याचा ढोल तिथे वाजतो, नमन तिथे घातलं जातं आणि माणसं वहाणा बाहेर काढूनच त्यावर पाऊल ठेवतात. मी डिचोलीची, मला हे कळायला हवं होतं. उंच सीटवर बसून पुढच्या काचेतून मला फक्त मोकळी जागा दिसली होती. चौघी खाली उतरलो, त्यांची माफी मागितली, मग मागून एकीने हात दाखवला आणि मी गाडी बाहेर घेतली. गाडी मागे घेताना एकीनेच खुणा करायच्या हा नियम आम्ही तिथेच केला. चौघी चार बाजूंनी ओरडू लागल्या की चालवणारीला काही समजत नाही.

आम्ही कुठे राहणार हे त्याच गृहस्थांनी विचारलं. जागा नाही म्हटल्यावर क्षणभर थांबले आणि आपल्या पुतण्याच्या कुळागराची वाट दाखवली. स्वतः पुढे चालत आले.

कुळागरातल्या काकींनी आधी एकच चौकशी केली: "बरोबर पुरुष कोण नाहीत?" नाहीत म्हटल्यावर म्हणाल्या, "मग गाडी घराच्या जवळ लावा, खळ्यात. तिकडे पोफळींत नको." त्या रात्री शांत झोप लागली ती या वाक्यामुळे.

आता कामाचं. गाडी उभी केली की आधी ती समपातळीत आहे का बघायचं. फोनमध्ये पातळी दाखवणारं ॲप असतं, नसेल तर ओट्यावर पेल्यात पाणी ठेवलं तरी कळतं. उतारावर झोपायची वेळ आली तर डोकं चढाच्या बाजूला करायचं. काकींच्या खळ्याला एका अंगाला उतार होता. पुढच्या डाव्या चाकाखाली जांभ्याचे दोन सपाट चिरे घातले, हँडब्रेक ओढला आणि मागच्या चाकांना पुढून-मागून दगडांची उटी लावली.

मग वीज. घरातल्या सॉकेटमधून तार ओढून आम्ही एसी चालू केला आणि पाच मिनिटांत अख्ख्या घरात अंधार झाला. घरात जात्रेला आलेले पाहुणे जेवत होते, आणि पाटावर बसलेल्या माणसांसमोरचा दिवा गेला तो आमच्यामुळे. एक टनाचा एसी साधारण एक किलोवॅट वीज खातो, सुरू होताना तर त्याहून जास्त ओढतो, आणि त्याच वेळी घरचा पाण्याचा पंप चालू होता. मेन स्विच पडणारच. फोंड्याची मैत्रीण इलेक्ट्रिकलची डिप्लोमावाली. तिने स्विच वर केला आणि मग आम्हाला हिशेब समजावला. गाडीतली बॅटरी बारा व्होल्ट आणि दोनशे अँपिअर-तासांची, म्हणजे पूर्ण भरलेली असली तरी जेमतेम अडीच युनिटं. त्यावर एसी दोन तासांत सगळं संपवील. पण दिवे, एक छोटा पंखा आणि पाण्याचा पंप दोन रात्री निवांत चालतील. एसीला आम्ही पुन्हा हात लावला नाही. खिडक्या उघड्या, जाळ्या लावलेल्या, आणि पहाटे तीननंतर सत्तरी तालुक्यात अशी थंडी पडली की माळ्यावरची चादर खाली ओढावी लागली. लांबून कुठून तरी ढोल ऐकू येत होता.

शंभर लिटर पाणी ऐकायला पुष्कळ वाटतं, चौघींना ते दीड दिवससुद्धा पुरत नाही. सकाळी काकींच्या विहिरीवरून टाकी भरली. आमची नळी आखूड पडली, तर त्यांनी आपली हिरवी नळी जोडून दिली. आमचं धुण्याचं पाणी कुठे सोडू विचारलं, तेव्हा म्हणाल्या, "न्हाणीचं पाणी जातं तिथेच सोड, केळीला." न्हाणीमागे केळी, अळू, एक माड. पिढ्यान्‌पिढ्या घरातलं सांडपाणी तिथेच जात आलेलं. संडासाच्या पेटीबद्दल विचारायला मला संकोच वाटत होता, पण विचारलं. त्यात टाकायचं निळं औषध बहुधा फॉर्मल्डिहाइडचं असतं आणि जास्त गेलं तर सेप्टिक टाकीतले जिवाणू मारतं, हे त्यांना सांगितलं आणि आम्ही ते वापरलेलं नाही हेही सांगितलं. मग त्यांनी घरामागचा संडास उघडून दिला. पेटी धुऊन ठेवली, फरशी ब्रशने घासून काढली.

निघताना काकी आम्हाला कोलमीपाशी घेऊन गेल्या. कोलमी म्हणजे दगडात खोदलेलं बशीसारखं टाकं. त्यात काजूची बोंडं पायांनी तुडवतात. मग चोथ्याचा ढीग करून नुडीच्या वेलीने गच्च आवळतात आणि वर दगड ठेवतात, त्यातून थेंब थेंब गळतो तो निरो. तुडवून निघालेला रस आंबवून भट्टीवर चढवला की पहिली धार हुर्राक आणि पुढे फेणी. पुण्याची मैत्रीण तिथून हलेना. चुलत्यांच्या घरी लहानपणी हे सगळं होतं, वीस वर्षांत परत बघितलं नव्हतं, असं म्हणाली. तिला पेला भरून निरो दिला. मला गाडी चालवायची होती, पण निरो न आंबवलेला, गोडा रस असतो, म्हणून मीही घेतला.

शनिवारी उसगाव-तिस्कावरून मोले आणि तिथून आत तांबडी सुर्ल. कदंब काळातलं महादेवाचं देऊळ, साधारण बाराव्या-तेराव्या शतकातलं, काळ्या बेसाल्टचं. जांभ्याच्या मुलखात हा दगड घाटावरून आणला असावा असं मानतात. रस्ता रानातून जातो आणि फणसाच्या फांद्या खाली झुकलेल्या असतात. गाडीची उंची पुढच्या काचेवर खडूने लिहून ठेवा, आम्ही लिहिली होती. शंका येईल तिथे एकीने उतरून पुढे चालायचं. देवळाशेजारी ओहोळाच्या काठी रात्र काढायचा मोह फार झाला. तो सगळा भाग भगवान महावीर अभयारण्यात येतो, वनखात्याच्या परवानगीशिवाय मुक्काम करता येत नाही, तिथल्या रक्षकानेही तेच सांगितलं. पाचला बाहेर पडलो. घाटातून उतरणारे ट्रक अंगावर येत होते आणि मी शहाण्यासारखी प्रत्येकाला वाट देत होते.

दुसऱ्या रात्रीची जागा मात्र आधी ठरलेली होती. शुक्रवारच्या अनुभवानंतर फोंड्याच्या मैत्रिणीने सकाळीच आपल्या मामांना फोन लावला होता. ते सांग्यात, वाड्याच्या वसाहतीत राहतात. साळावली धरणासाठी कुर्डी गाव उठवलं तेव्हा लोकांना वाडे आणि वालकिणी इथे जागा दिल्या. गायिका मोगूबाई कुर्डीकरांचं ते कुर्डी. पावसाळ्यात पाण्याखाली, मे महिन्यात धरण आटलं की घरांची जोती, वाटा आणि सोमेश्वराचं देऊळ उघडं पडतं.

मामा सत्तरीच्या पुढचे. आमची गाडी अंगणात शिरली, तेव्हा ते बाहेरच उभे होते. गाडी कुठे लावू विचारलं तर त्यांनी काठीने आखून दाखवलं: इकडे नको, इथे पाइप आहे. तिकडे नको, आंब्याचा मोहर गळतो. इथे लाव, सकाळी सावली मिळेल. आम्ही शीत-कडी, म्हणजे भात आणि कालवण, रांधली, एका शेगडीवर दोन तास लागले. जेवताना पुण्याच्या मैत्रिणीने विचारलं, मामा, कुर्डीतलं घर आठवतं का? त्यांनी ताटातलं बोट उचललं आणि गाडीच्या फरशीवर घराची आखणी काढली: हे खळं, इथे विहीर, इथून नदीकडे वाट, ही माझ्या आजोबांनी लावलेली माडांची रांग. पाण्याच्या बोटाने काढलेल्या रेषा सुकत होत्या, ते परत परत ओल्या करत होते. फोंड्याच्या मैत्रिणीने हे सगळं आधी शंभरदा ऐकलं असेल, तरी ती जेवायची थांबली होती.

"मे महिन्यात या," मामा म्हणाले. "देवाचा उत्सव असतो. गाडी खाली नाही जाणार, पण मी चालत नेईन."

रविवार भरभर गेला. नेत्रावळीच्या गोपीनाथाच्या देवळातली बुडबुड्यांची तळी बघितली, तळातून सतत बुडबुडे येत असतात. मग रिवणच्या पुढे उसगळीमळ. कुशावती नदीच्या वळणावर जांभ्याच्या सपाट कातळात बैल, मोर आणि गोल गोल फिरत जाणारा चक्रव्यूह कोरलेला आहे. अभ्यासकांचं लक्ष तिकडे 1993 साली गेलं. गावच्या गुराख्यांना ते त्याआधीपासून माहीत होतं. गाडी मोठ्या रस्त्याला एका दुकानदाराला विचारून त्याच्या शेडशेजारी लावली आणि खाली चालत गेलो. पेडण्याच्या मैत्रिणीने चक्रव्यूहाच्या वर हवेत बोट धरून बाहेरून आतपर्यंत वाट काढली, कातळाला स्पर्श न करता. दोनदा चुकली. तिसऱ्यांदा मध्यात पोचली. केप्यात चहा घेतला, मडगाव ओलांडलं आणि रात्री नऊला गाडी परत दिली.

घरी येऊन सामान काढताना पिशवीच्या तळाशी काकींची हिरवी नळी निघाली. आमच्या नळीबरोबर गुंडाळून आली होती. काजूचा हंगाम, भट्टीला पाणी लागतं, आणि त्यांची नळी माझ्याकडे. दोन रात्री मनाला लागून राहिलं. बुधवारी रजा टाकून माझ्या छोट्या गाडीने वाळपईला गेले. वाटेत मांड लागला, गाडी लांब थांबवून वहाणा काढून हात जोडले.

काकी कोलमीत उभ्या होत्या, गुडघ्यापर्यंत बोंडांच्या रसात. नळी बघून म्हणाल्या, "ही आणायला एवढ्या लांब आलीस?" मग पाय धुतले, आत गेल्या आणि पाण्याच्या जुन्या बाटलीत निरो भरून आणला. बूच घट्ट लावू दिलं नाही.

"आजच्या आज पी गो. उद्या फसफसेल."