कॉलनीत बिबट्या आला आणि पुढचे चार महिने – माझा अनुभव

आम्ही नाशिकरोडला राहतो, विहितगावच्या पुढे वालदेवीच्या बाजूला. बावीस रो-हाऊस, मागे एक मोकळा प्लॉट आणि त्याच्या पलीकडे लगेच ऊस. मागच्या डिसेंबरात तिकडे ऊसतोड सुरू झाली आणि चारपाच दिवसांतच शेजारच्या वहिनींच्या कॅमेऱ्यात रात्री पावणेतीनला बिबट्या दिसला. कंपाऊंडवरून आत उतरला, गेटजवळ कचऱ्याच्या पिशव्यांपाशी झोपलेलं कुत्रं मानेला धरलं आणि गेला. माझी मुलगी सहा वर्षांची आहे, रोज संध्याकाळी त्याच जागी सायकल चालवते. हातपाय गारच पडले माझे.

सकाळी १९२६ ला फोन केला, ही वनविभागाची हेल्पलाइन, दुपारी वनरक्षक आले. तोवर सगळ्यांचं एकच, पिंजरा लावा, मी पण त्यातलीच. त्यांनी ठसे बघितले आणि शांतपणे सांगितलं की ताई, १९७२ च्या वन्यजीव कायद्यात हा शेड्यूल एकमधला, म्हणजे सगळ्यात जास्त संरक्षण असलेला प्राणी आहे, नुसता दिसला म्हणून पकडता येत नाही, वरून परवानगी लागते, आणि नेला तरी खायला मिळतंय म्हटल्यावर त्याच्या जागी दुसरा येणारच. मला आधी ते टाळाटाळ वाटलं. पण नंतर बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय यांचं जुन्नर भागातलं काम वाचलं, तिथे पकडलेले बिबटे लांब नेऊन सोडले तर सोडलेल्या भागात माणसांवरचे हल्ले उलट वाढले होते. मग पिंजऱ्याचा विषय मी तरी सोडून दिला.

बिबट्या कुत्र्यांसाठी येतो आणि कुत्री कचऱ्यासाठी, मग सुरुवात आमच्याच गेटपासून करायची होती. घंटागाडी येते सकाळी, पण अर्धी घरं रात्रीच पिशवी बाहेर ठेवून मोकळी. यावर तीन मीटिंगा झाल्या, आवाज चढले, दोन घरं अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत. सगळ्यात अवघड गेलं ते कोपऱ्यावरच्या आजींना सांगणं, त्या रोज रात्री दहाला कुत्र्यांना दूधपोळी घालायच्या. म्हणाल्या, "मुक्या जिवांना उपाशी ठेवू का गं मी?" मी म्हटलं, आजी, तुम्ही खायला घालता तिथेच ती झोपतात आणि तिथूनच उचलली जातात. त्या दिवशी काहीच बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून दुपारी चारला घालायला लागल्या आणि ताटल्या धुऊन आत.

प्लॉटचा मालक बाहेरगावी, फोन उचलला की हो हो म्हणायचा आणि काहीच करायचा नाही, शेवटी त्याची परवानगी घेऊन घरटी सहाशे रुपये काढून जेसीबीने वेडी बाभूळ आणि गवत काढलं. मुलं साडेसहाला आत, मागच्या बाजूला लाईट, वॉचमन काकांना मोठा टॉर्च आणि मोबाईलवर गाणी चालू ठेवूनच राउंड. अंधारात उघड्यावर खाली बसायचं किंवा वाकायचं नाही हे वनरक्षकांनी दोनदा बजावलं, कारण बसलेला माणूस त्याला छोट्या जनावरासारखा दिसतो. आणि दिसलाच तर घेरायचं नाही, पळायचं नाही, त्याला जायला वाट मोकळी ठेवायची.

हे ऐकताना मला ऊसतोडीवाल्यांच्या कोप्या आठवल्या. आम्हाला भिंती आहेत, त्यांची लेकरं उघड्यावर झोपतात. वर्गणीतून उरलेल्या पैशांत सोलरचे चार दिवे घेऊन दिले, ते आधीच करायला हवं होतं.

फेब्रुवारीत त्याच मजुरांना फडात दोन पिल्लं सापडली. बातमी पसरली तशी पोरं सेल्फीला धावली, त्यांना हुसकावण्यातच आमचा तास गेला. वनविभागाने पिल्लं तपासून क्रेटमध्ये घालून तिथेच ठेवली, कॅमेरा लावला, सगळ्यांना लांब केलं. रात्री आई आली आणि एकेक करून दोन्ही घेऊन गेली. वनरक्षकांनी मोबाईलवर क्लिप दाखवली तेव्हा पिंजऱ्यासाठी सगळ्यात जास्त भांडणारे काकासुद्धा दोनदा मागून बघत होते.

मार्चमध्ये वहिनींच्या कॅमेऱ्यात परत एक दिसला, भिंतीच्या बाहेरून चालत गेला, गेटकडे वळलाही नाही. आता पावसाने प्लॉटमधलं गवत गुडघ्याएवढं झालंय, रविवारी परत कापायचंय, या वेळी घरटी तीनशे ठरलेत आणि अजून पाच घरांचे यायचेत.