लाल देऊळ आणि ग्योर्लित्झचे सिंह

पुण्यात कँपातल्या मोलेदिना रस्त्यावरची लाल विटांची, उंच मनोऱ्याची इमारत रिक्षावाल्याला दाखवायची असेल तर 'लाल देऊळ' एवढेच सांगावे लागते. वास्तविक ते सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनास्थळ. मुंबईचे ज्यू व्यापारी डेव्हिड ससून यांनी ते बांधायला घेतले आणि १८६७ मध्ये ते पुरे झाले, पण ते स्वतः १८६४ मध्येच पुण्यात वारले आणि त्यांची कबर त्याच आवारात आहे. गंमत अशी, की घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारे बेने इस्राएल ज्यू आपल्या सिनेगॉगला पूर्वापार 'मशीद' म्हणत आले आणि बाकीच्या पुण्याने या वास्तूला देऊळ करून टाकले.

हे सगळे आठवले ते जर्मनीत. ड्रेस्डेनला शिकणाऱ्या भाचीकडे गेलो असताना ती मला एका संध्याकाळी पोलंडच्या सीमेला लागून असलेल्या ग्योर्लित्झ गावी चेलोवादनाला घेऊन गेली. कार्यक्रम होता १९११ मध्ये उघडलेल्या तिथल्या जुन्या सिनेगॉगमध्ये. नोव्हेंबर १९३८ मध्ये नाझींनी ज्यूंवर हल्ले चढवले त्या रात्री जर्मनीभर सिनेगॉग जळाली, तेव्हा इथेही आग लावली गेली होती, पण बंबवाल्यांनी ती विझवली आणि इमारत वाचली. प्रार्थनेला येणारी माणसे मात्र वाचली नाहीत, किंवा परागंदा झाली. पुढे १९६३ मध्ये ती इमारत नगरपालिकेकडे गेली, कित्येक वर्षे पडझड सोसत उभी राहिली, आणि दीर्घ दुरुस्तीनंतर २०२१ मध्ये सांस्कृतिक केंद्र म्हणून पुन्हा उघडली. नव्या नावातही त्यांनी 'सिनेगॉग' हा शब्द राखला आहे, हे मला फार आवडले.

दारातून आत शिरताना माझा हात सवयीने बुटाच्या नाडीकडे गेला. भाची हसून म्हणाली, "मामा, इथे बूट काढत नाहीत. फार तर डोकं झाकतात, आणि आज तेही नको, फक्त तिकीट दाखव." आत घुमटाच्या कडेने सिंहांची रांग आहे, वादन चालू असताना मी बराच वेळ त्या सिंहांकडेच पाहत होतो. देवळात गाणे आपल्याला नवे नाही. उत्सवात रात्र रात्र गाणे ऐकत आपण देवळात बसतो. पण तेव्हा देव आत असतो आणि गाणारा आधी त्याला नमस्कार करून बसतो. ग्योर्लित्झला वादन संपल्यावर टाळ्यांचा कडकडाट झाला, तेव्हा आपण यजमान गावाला गेलेल्या घरात पंगतीला बसलो आहोत, असे मला क्षणभर वाटून गेले. तरीही सांगतो, पडक्या भिंतींपेक्षा हे कितीतरी बरे, कारण ज्या गावाने ही माणसे गमावली त्या गावाला निदान आत येऊन बसावे लागते. शिवाय त्या इमारतीत एक छोटी खोली प्रार्थनेसाठी म्हणून राखलेली आहे.

परत आल्यावर हे सारे मी रास्ता पेठेत राहणाऱ्या, माझ्या जुन्या कचेरीतल्या एका बेने इस्राएली बाईंना सांगितले. आम्ही सगळे त्यांना ताईच म्हणतो. सामुदायिक प्रार्थनेला रिवाजाप्रमाणे दहा प्रौढ पुरुष हजर असावे लागतात, आणि १९४८ नंतर निम्म्याहून अधिक गोतावळा इस्राएलला गेलेल्या घरातल्या बाईला त्या दहांचा हिशेब मी काय समजावणार? घुमट, सिंह, चेलो यांचे माझे रसभरित वर्णन त्यांनी शांतपणे ऐकून घेतले.

"मशीद काय हो, भिंतींवर चालत नाही," त्या म्हणाल्या. "दहा बाप्ये लागतात. ती लहान खोली म्हणालात, तीत दहा जण मावतील का?"

मी ती खोली दारातूनच पाहिली होती. मावतील, म्हणालो.

"मग झालं तर," म्हणून त्या चहा टाकायला उठल्या.