अधांतरी

स्कूबा शिकायला आलेल्या माणसाच्या कमरेला पहिल्यांदा शिशाची वजनं बांधतात, तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो. जन्मभर बुडायची धास्ती घेतली आणि आता कळतंय, की आपल्याला धड बुडताही येत नाही! अंगातला निओप्रीनचा सूट म्हणजे बारीक बुडबुडे कोंडलेलं रबर. तो माणसाला वर ढकलत राहतो, म्हणून हे शिसं.

मालवण-तारकर्लीला हौशी पर्यटक पाण्याखाली जातात, त्यांना ही कटकट नसते. गाइड मागून आपल्या पाठीवरची हवेची टाकी धरून असतो. वरखाली तोच करतो. आपण फक्त कॅमेऱ्याकडे बघून बोटांनी ओके करायचं. यातही मजा आहे, मी नाक मुरडणार नाही. पण रीतसर कोर्स करायचा म्हटलं, की टाकीवरचा तो हात सुटतो आणि खरी गंमत सुरू होते.

पाण्यात एका पातळीवर स्थिर राहायचं, ना वर ना खाली, एवढंच काम. त्यासाठी अंगातल्या फुगवायच्या जॅकेटमध्ये बटणांनी हवा भरता-सोडता येते, पण बारीकसारीक हिशोब फुफ्फुसांकडे असतो. लिटरभर हवा जास्त आत घेतली, की समुद्र तुम्हाला साधारण किलोभराने वर उचलतो. मात्र लगेच नाही. जुन्या गीझरचा नळ आठवा: फिरवला तरी पाणी गारच, म्हणून आणखी फिरवायचा, आणि मग एकदम चटका. नवखा श्वास घेतो, काही होत नाही म्हणून जॅकेटचं बटण दाबतो, आणि दोन्हींचा परिणाम एकदमच होतो. निघाली स्वारी वर! वर जाताना पाण्याचा दाब घटतो, जॅकेटमधली हवा फुगते, वेग आणखी वाढतो. खाली जाताना नेमकं उलटं. समुद्र चुकीला चूक जोडत जातो.

त्यात 10 मीटरवर दाब दुप्पट, म्हणजे हवा आकाराने निम्मी. पुढच्या 10 मीटरांत ती निम्म्यावरून फक्त तिसऱ्या हिश्शावर येते. सगळ्यात मोठी उलथापालथ वरच्या 10 मीटरांतच, आणि नवशिक्यांना सुरक्षित म्हणून ठेवतात तेही तिथेच.

घाबरलेला माणूस श्वास भरभरून घेतो आणि सोडताना कंजुषी करतो. मग तो तरंगतो आणि आणखी शिसं मागतो. जीव शांत झाला की तेच शिसं जड होतं, ते पेलायला जॅकेटमध्ये जास्त हवा, आणि जास्त हवा म्हणजे जास्त नखरे. शिवाय टाकीतली हवाही वजनाला दोनेक किलो असते. ती संपत आली की माणूस हलका होतो, नेमका परतीच्या वाटेवर, सुरक्षेसाठी 5 मीटरवर तीन मिनिटं थांबायचं असतं तेव्हा.

माशांची सोय पोटातच असते, हवेच्या पिशवीची. घोळ माशाची ही पिशवी, म्हणजे बोत, इतकी महाग की 2021 मध्ये पालघरजवळच्या मुरब्याच्या मच्छीमारांना 157 घोळींचे 1 कोटी 33 लाख रुपये मिळाल्याची बातमी होती. पण बऱ्याच माशांना त्या पिशवीतली हवा झटपट सोडता येत नाही. खोल पाण्यातून एकदम वर ओढले तर ती पिशवी फुगून त्यांचं जठर तोंडातून बाहेर येतं. आपलं त्यांच्यापेक्षा बरं, आपल्याला हवा सोडायचं बटण आहे. फक्त ते भरायच्या बटणाच्या अगदी शेजारी असतं.