सात फेऱ्या आणि भांगाचं पाणी

आमच्या नऊ मिनिटांच्या शॉर्ट फिल्ममध्ये माणूस करतो ते एवढंच. गुहागरातल्या घराच्या मागच्या दाराला कडी घालतो, माड-पोफळीच्या वाडीतून पुळणीवर, समुद्रकाठच्या वाळूत उतरतो आणि अर्ध्यातून परत फिरतो, कडी लागली का बघायला. असं सात वेळा. मराठीत याला मंत्रचळ म्हणतात, डॉक्टरांच्या भाषेत ओसीडी.

पहिल्या खर्ड्यात त्याचे विचार ऐकवणारा आवाज होता, शिवाय आरशासमोरचा एक प्रसंग. दोन्ही काढले. मनातलं दाखवायचं म्हटलं की आरसा हटकून येतोच, आणि तो काहीच सांगत नाही. खर्डा वाचणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञांनी नेमकी गाठ दाखवली: कडी लागलीय हे त्याला ठाऊक असतं, फक्त पटत नसतं. तपासलं की क्षणभर सुटल्यासारखं वाटतं, आणि त्या सुटकेपायीच पुढची फेरी होते. म्हणजे कॅमेऱ्याने पकडायची होती ती सुटका. भीती नव्हे.

सकाळी कडी. जुनं फणसाचं दार, गंजकी लोखंडी कडी, अगदी जवळून टिपणारी १०० मिमीची मॅक्रो लेन्स, अॅपर्चर ४, फोकस अंगठ्याच्या नखावर. एवढ्या जवळून फोकसची पट्टी काही मिलिमीटरचीच राहते. नटाने अंगठा जरा पुढे सारला की शॉट गेला, म्हणून चौकटीवर पेन्सिलीने खूण केली आणि मनगट तिथे टेकवायला सांगितलं. फेरीगणिक अंगठ्याला गंज चढत जायला हवा होता. खोबरेल तेलात गेरू कालवून प्रत्येक फेरीआधी एकेक हात दिला. हा रंग पुसून पुन्हा पहिल्यासारखा अंगठा करता येत नाही, नखाच्या कडेला राहतोच. म्हणून सातही क्लोजअप एकाच सेटअपवर, पण कथेच्या क्रमाने घेतले. दहाला सुरू केलेलं काम एक वाजता संपलं.

मधल्या तीन तासांत पोफळींतून दारावर पडणारे उन्हाचे कवडसे हातभर सरकतात. पहिली आणि सातवी फेरी कथेत वीस मिनिटांच्या अंतराने आहे, तेव्हा हे सरकणं लगेच डोळ्यांत भरलं असतं. आठ बाय आठ फुटांचा स्किमर, म्हणजे चौकटीवर ताणलेलं पांढरं कापड, बांधून ऊन मऊ केलं, खालून थर्माकोलने उजेड परतवला. कवडसे दिसायचे म्हणून हेच दार निवडलं होतं खरं तर! ते गेले.

आवाजाचं दुखणं वेगळं. समुद्राची गाज ओहोटीला लांब जाते, भरतीला जवळ येते, त्यामुळे दहाचा शॉट एकच्या शॉटला जोडला की सांधा ऐकू येतो. अकराच्या पुढे खारा वारा सुटला. झावळ्या अशा सळसळतात की ऐकणाऱ्याला पाऊसच वाटावा, आणि माइकला घातलेलं केसाळ कव्हर वाऱ्याची धडक थोपवतं, झावळ्या नाही. दर तासाला तीन जागी, दाराशी, वाडीत आणि पुळणीवर, मिनिट-मिनिटभर नुसता परिसराचा आवाज धरून ठेवला. एडिटला तोच कामी आला.

सुटका दाखवली ती आवाजातच. अंगठ्याने कडी दाबली की गाज तोडायची. सेकंदाला २५ फ्रेमच्या हिशेबाने पहिल्या वेळी ५० फ्रेम, म्हणजे दोन सेकंद. पुढे प्रत्येक फेरीला कमी, सातव्या वेळी फक्त सहा. पूर्ण शांतता ठेवून पाहिली तर स्पीकर बिघडल्यासारखं वाटलं, म्हणून खाली माजघराचा बारीक आवाज राहू दिला.

दुपारनंतर फसलो. शेवट असा लिहिला होता: माणूस पाण्याच्या कडेला उभा, आणि भरती येऊन त्याच्या सगळ्या फेऱ्यांचे ठसे पुसून नेते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. दशमी, म्हणजे साडेसात. दीडला ओहोटी, मग पाणी चढतं, सहाच्या सुमारास सूर्यास्त. वेळ चोख जुळली. ठसेही छान आले, कारण कॅमेरा पश्चिमेकडे असला की कलत्या उन्हात प्रत्येक ठशाची सावली आपल्या बाजूला पडते. आमची सगळी माणसं सुरूंच्या कडेकडेने फिरत होती, एक जास्तीचा ठसा उमटला तरी सगळं फुकट.

वाडीवाले आजोबा येऊन बघून गेले. "भांग आहे आज. पाणी इतकं वर नाय यायचं."

पाऊणपट वेळ सांगते, पाणी किती वर येईल ते सांगत नाही. पुनवेला-अवसेला उधाण, अष्टमीनंतर एक-दोन दिवस भांग, तेव्हा पाण्याची चढउतार सगळ्यात कमी. आम्ही नेमका तोच दिवस धरला होता. साडेपाचला लाट सर्वांत खालच्या ठशांपासूनही बरीच दूर होती.

ऊन अर्धा तास उरलं होतं. बादल्यांनी पाणी ओतावं असं एकाने सुचवलं. बादलीचं पाणी वाळूत खड्डा करतं, लाटेसारखं पसरत नाही. तेवढ्यात खर्ड्याच्या शेवटच्या पानावरचं डॉक्टरांचं पेन्सिलीतलं प्रश्नचिन्ह आठवलं. सकाळी ते कुणी मनावर घेतलं नव्हतं. या आजाराच्या उपचारात शंका पुसायची नसतेच. ती येऊ द्यायची आणि तपासायला जायचं नाही, अस्वस्थपणा आपसूक उतरेपर्यंत तिथेच थांबायचं.

ट्रायपॉड हलवला नाही. नटाला एवढंच सांगितलं की घराकडे वळावंसं वाटेल, खांदा वळू दे, पाय उचलू नको. एक मिनिट चाळीस सेकंदांचा एकच शॉट. समोर येण्याजाण्याच्या ठशांच्या चौदा रांगा, तशाच. त्याचा उजवा अंगठा तर्जनीवर घासत राहतो, मग मंदावतो. गाज या वेळी तोडली नाही.