टीबीने माणूस वाळतो, की वाळलेल्याला टीबी होतो?

महापालिकेच्या टीबी कार्यक्रमात मी वीस वर्षं काम केलं, बहुतेक गोवंडी-मानखुर्दच्या गल्ल्यांत. निवृत्त झाले तरी लग्नाच्या पंगतीत, लोकलच्या डब्यात कुणीतरी हा प्रश्न विचारतंच. परवा शेजारच्या वहिनींनी विचारला. तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

दोन्ही खरं आहे. पहिलं सगळ्यांना माहीत असतं, कारण ते नावातच आहे: क्षय म्हणजे झिजणं. दुसरं मात्र घरोघरी पोचलेलं नाही.

टीबीचा जंतू अंगात शिरला म्हणजे आजार झाला असं नसतं. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय पाहणीत पंधरा वर्षांवरच्या जवळपास ३१ टक्के लोकांच्या शरीरात संसर्ग आढळला. त्यातले बहुतेक जण कधीच आजारी पडत नाहीत, कारण शरीर जंतूला कोंडून ठेवतं. हा पहारा अन्नावर चालतो. वर्षानुवर्षं पोटाला कमी पडलं, त्यातही डाळ-अंडी-मासळी कमी पडली, की तो ढिला होतो आणि कोंडलेला जंतू डोकं वर काढतो.

किती फरक पडतो, तर दीड मीटर उंचीची बाई घ्या. तिचं वजन निदान साडेएक्केचाळीस किलो हवं. बीएमआय म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, तो निदान १८.५ हवा, म्हणजे तिच्यासाठी एवढंच. अनेक वर्षं चाललेल्या मोठ्या अभ्यासांचं एकत्रित गणित २०१० मध्ये मांडलं गेलं. त्यात बीएमआय एकाने जास्त असला की टीबीचा धोका साधारण १४ टक्क्यांनी कमी दिसला. आपल्या बाईच्या हिशेबात बीएमआयचा एक म्हणजे सव्वादोन किलो. एवढंसं वजन, पण मी पाहिलेल्या कित्येक बायकांना तेही कधी जमलं नाही.

त्यातली एक मला विसरता येत नाही. तिच्या नवऱ्याला टीबी झाला होता. मी दर महिन्याला त्याचं वजन करायचे, गोळ्या बघायचे, "अंडी द्या, दूध द्या" असं तिला बजावायचे. ती द्यायची. घरात जे अंडं यायचं ते त्याला, डाळीचा दाट भाग मुलांना, उरलेलं पाणी भातावर तिला. तो बरा झाला. वर्षभराने तीच खोकत दवाखान्यात आली, वजन ३३ किलो. काटा दर महिन्याला माझ्या पिशवीत होता, ती दर महिन्याला माझ्यासमोर उभी होती, आणि मी तिला एकदाही त्यावर उभं केलं नव्हतं. घरातल्यांची खोकल्याची चौकशी केली होती, पण ताटाची नाही. ही चूक माझी.

नंतर झारखंडमधल्या अभ्यासाचे निकाल वाचले, २०२३ मध्ये आलेले, तेव्हा तीच डोळ्यांसमोर आली. तिथे रुग्णाला शिधा सगळ्याच घरांत दिला होता. निम्म्या घरांत बाकीच्या माणसांनाही दर महिन्याला माणशी पाच किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ दिली. त्या घरांत नव्याने टीबी होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी राहिलं. तांदूळ, डाळ आणि जोडीला जीवनसत्त्वांच्या गोळ्या, बस. आपल्याकडे निक्षय पोषण योजनेचे महिन्याला ५०० रुपये मिळायचे, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. चांगलंच झालं, पण ते पैसे रुग्णाच्या नावावर येतात आणि चूल सगळ्यांची एक असते. म्हणून मला अजूनही ते कमीच वाटतात.

वहिनींचा पुढचा प्रश्न होता, मग जाड माणसाला भीती नाही ना? आहे. मधुमेह असेल तर टीबीचा धोका दुप्पट-तिप्पट होतो, आणि वडापाववर वाढलेल्या वजनामागून बरेचदा साखर येते. दोन आठवडे खोकला टिकला तर वजन कितीही असो, बेडका तपासून घ्या.

त्या बाईचं सांगायचं राहिलं. टीबीच्या गोळ्या वजनावर ठरतात. ३३ किलोला तिला रोज दोन मिळायच्या. शेंगदाणे, सुके बोंबील, अंडी, जे जमलं ते तिने खाल्लं, आणि या वेळी मी समोर बसून खायला लावलं. वजन ३९ झालं, तेव्हा दोनाच्या तीन गोळ्या झाल्या. ती घाबरली. "ताई, आजार वाढला का?"

"आजार नाही गं, तू वाढलीस."

ती काट्याकडे बघत राहिली. मग दारात उभ्या मुलीला हाक मारली, "चप्पल काढ आणि चढ यावर." मुलगी चौदा वर्षांची, आईपेक्षा दोन बोटं उंच. काटा ३५ वर थांबला. त्याच दिवशी तिला एक्स-रेला पाठवलं.