चंद्राच्या ७०६ फ्रेम्स आणि वाटेत हरवणारी पारदर्शकता

एका अमावास्येपासून पुढच्या अमावास्येपर्यंतचा चंद्र दीड मिनिटाच्या व्हिडिओत दाखवायचा, हे काम तीन आठवड्यांपूर्वी हाती घेतलं. अट एवढीच की स्वतः काही चितारायचं नाही. साहित्य मुक्त परवान्याचं आणि साधनंही मुक्त: एफएफएमपेग (आज्ञा लिहून व्हिडिओ एका रूपातून दुसऱ्या रूपात नेणारा), ब्लेंडर (ॲनिमेशनसाठी) आणि केडेनलाइव्ह (एडिटिंगसाठी). काल रात्री पहिला कच्चा व्हिडिओ बाहेर पडला, म्हणून इथवरची नोंद सविस्तर लिहून ठेवते. एडिटिंगला लागला त्याच्या दुप्पट वेळ फाइली एका रूपातून दुसऱ्या रूपात नेण्यात गेला. पण त्या वेळात जे उमगलं ते मला फार मोलाचं वाटतं.

पहिला आठवडा: चंद्र

नासाचा सायंटिफिक व्हिज्युअलायझेशन स्टुडिओ दरवर्षी त्या वर्षाच्या चंद्राचं ॲनिमेशन खुलं करतो. लूनर रिकॉनिसन्स ऑर्बिटर या यानाने टिपलेल्या माहितीवरून ते बनवलेलं असतं, आणि तासाला एक फ्रेम असते. मी २०२४ सालचं घेतलं. ते लीप वर्ष, म्हणून एकूण ८७८४ फ्रेम्स. तयार व्हिडिओ फाइलही मिळते, पण ती आधीच दाबलेली असते. आपण एडिट करून पुन्हा एक्स्पोर्ट केली की दुसऱ्यांदा दाबली जाते आणि कडेची विवरं मऊ पडतात. म्हणून सुट्या टिफ (चित्रांचा एक फॉरमॅट) फ्रेम्स उतरवल्या.

त्यातल्या कोणत्या हव्यात हे कागदावर मांडलं. १ जानेवारीला जागतिक वेळेनुसार ००:०० वाजताची फ्रेम म्हणजे क्रमांक १. ८ एप्रिलची अमावास्या १८:२१ ला होती (त्याच दिवशी खग्रास सूर्यग्रहण झालं होतं), म्हणजे १८ वाजताची फ्रेम २३७१. पुढची अमावास्या ८ मे, ०३:२२, म्हणजे फ्रेम ३०७६. दोन्ही टोकं धरून ७०६ फ्रेम्स. मधले तास ७०५, म्हणजे २९ दिवस ९ तास. सरासरी चांद्रमास २९.५३ दिवसांचा असतो, हा जरासा आखूड निघाला. नुसत्या फाइलींच्या क्रमांकांवरून हे हाती लागलं तेव्हा खूप आनंद झाला.

मग एफएफएमपेगला या फ्रेम्स दिल्या, तर 'अशी फाइलच नाही' असं उत्तर आलं. फोल्डर समोर उघडा, फाइली डोळ्यांसमोर, तरी नाही. कारण साधं आहे. क्रमांकाच्या मालिकेची सुरुवात तो ० ते ४ या आकड्यांतच शोधतो. माझी मालिका २३७१ पासून सुरू होणारी, म्हणून सुरुवातीचा क्रमांक वेगळा सांगावा लागतो.

दुसरी अडचण जास्त फसवी, कारण तिच्यात चूक झाल्याचा संदेश येतच नाही. चंद्र मला संथ हवा होता, सेकंदाला १२.५ फ्रेम्स. तो आकडा मी आज्ञेत इनपुटच्या नंतर लिहिला. फाइल बिनतक्रार तयार झाली, पण लांबी २८ सेकंद. मला ५६ हवे होते. झालं असं की काही सांगितलं नाही तर चित्रांची मालिका सेकंदाला २५ फ्रेम्सची आहे असंच एफएफएमपेग धरून चालतो. मग इनपुटनंतर लिहिलेला १२.५ हा आकडा आउटपुटला लागू झाला, आणि एकाआड एक फ्रेम गाळली गेली. तोच आकडा इनपुटच्या आधी लिहिला की सगळ्या ७०६ फ्रेम्स राहतात आणि लांबी ५६ सेकंदांवर जाते. टाइमलाइन २५ चीच ठेवली आहे. प्रत्येक फ्रेम दोनदा दिसते, पण तासाभरात चंद्र इतका थोडा बदलतो की धक्का जाणवत नाही.

चंद्राच्या आत तारे

हा भाग सगळ्यात जास्त रेंगाळला, आणि मला सगळ्यात जास्त आवडलाही.

चंद्राच्या फ्रेम्सची पार्श्वभूमी काळी. मागे ताऱ्यांचं आकाश ठेवायचं होतं. काळ्यावरच्या उजळ गोष्टींसाठी 'स्क्रीन' हा ब्लेंड मोड (दोन चित्रं एकमेकांत मिसळण्याची पद्धत) आपण सगळेच वापरतो. धूळ, ठिणग्या, प्रकाशाचे झोत, सगळं त्यात चालतं, कारण काळ्याची भर शून्य असते आणि उजळ तेवढं वर येतं. चंद्रालाही तोच लावला. पौर्णिमेच्या फ्रेम्स सुरेख दिसल्या. मग मागे जाऊन बीजेची कोर पाहिली, तर कोरीच्या कुशीत, चंद्राच्या अंधाऱ्या भागात, तारे लुकलुकत होते.

असं आकाशात कधीच दिसणार नाही. चंद्राचा तो भाग अंधारात असला तरी तिथे चंद्र आहेच, आणि मागचा तारा तो झाकणारच. कोरीच्या आत तारा काढलेली चित्रं खूप आहेत, पण माझा व्हिडिओ चंद्र समजावून सांगण्यासाठी आहे, तिथे ही चूक ठेवणं मनाला पटेना. म्हणजे 'स्क्रीन' बाद. चंद्राला स्वतःची खरी पारदर्शकता हवी: चकतीच्या आत पूर्ण अपारदर्शक, बाहेर पूर्ण पारदर्शक.

गोल मास्क, म्हणजे चकतीबाहेरचं झाकणारा साचा, लावला. दोन दिवसांनंतरच्या फ्रेमवर तो बसेना. चंद्राची कक्षा लंबवर्तुळाकार, त्यामुळे तो जवळ येतो तेव्हा मोठा दिसतो आणि दूर जातो तेव्हा लहान, आणि या फ्रेम्समध्ये तो फरक इमानदारीने दाखवला आहे. त्या महिन्यात ७ एप्रिलला चंद्र पृथ्वीच्या जवळ होता आणि २० एप्रिलला दूर. दोन्हींच्या दिसत्या व्यासात सुमारे १२ टक्क्यांचा फरक. एकाच मापाच्या गोलाने काम भागणार नव्हतं.

उत्तर त्याच पानावर होतं. फ्रेम्सबरोबर स्टुडिओ एक मजकुराची फाइल देतो. तिच्यात दर तासाची कला, अंतर आणि दिसता व्यास दिलेला असतो. पौर्णिमेच्या फ्रेम २७३७ वर चकतीची कड स्वच्छ दिसते, तिथे व्यास पिक्सेलमध्ये मोजला. त्या तासाचा व्यास फाइलीतून घेतला, आणि बाकीचे प्रमाणाने काढले. ब्लेंडरमध्ये काळ्यावर पांढरी चकती ठेवून दिवसाला एक कीफ्रेम (त्या क्षणीचं माप ठरवणारी खूण), अशा तीसेक कीफ्रेम्स दिल्या. मग एफएफएमपेगच्या अल्फामर्ज फिल्टरने चकतीचा व्हिडिओ चंद्राचा अल्फा चॅनल (पारदर्शकतेची माहिती) म्हणून जोडला. आता कोर येते तेव्हा तिच्या कुशीत स्वच्छ काळोख असतो, आणि त्या काळोखाच्या गोल कडेला तारे थांबतात. न दिसणारा चंद्र त्या थांबलेल्या ताऱ्यांमुळे दिसतो. मी तो तुकडा किती वेळा पाहिला, मोजलं नाही.

हे साठवायचं कशात? एमपी४ हा नुसता डबा. आत बहुतेक वेळा एच.२६४ कोडेक (व्हिडिओ दाबण्याची पद्धत) असतो, आणि त्याच्या नेहमीच्या वापरात अल्फा चॅनलला जागाच नसते. मी एमओव्ही डब्यात ॲपलचा प्रोरेस ४४४४ हा कोडेक घेतला. चौथा चार हा अल्फासाठी. फाइल दांडगी होते: १९२०×१०८० आकाराला, सेकंदाला २९.९७ फ्रेम्स असताना ॲपलने दिलेला आकडा अल्फा सोडून सेकंदाला सुमारे ३३० मेगाबिटचा आहे. पण टाइमलाइनवर ती लोण्यासारखी सरकते. डिस्कवर जागा कमी असेल तर पीएनजीची मालिकाही चालते.

दुसरा आठवडा: बाण, पाटी, चांदणी

आता वरून घालायच्या छोट्या गोष्टी. चंद्राकडे निर्देश करणारा बाण, कलेचं नाव उमटणारी चमकती पाटी, आणि एक लुकलुकणारी चांदणी. तिन्ही फुकटच्या संग्रहांतून घेतल्या आणि तिन्हींचे फॉरमॅट वेगळे.

आधी एक इशारा. एका संग्रहात 'पारदर्शक' असं ठळक लिहिलेली एमपी४ फाइल मिळाली. उघडली तर मागे राखाडी-पांढरे चौकोन, आणि ते चित्रातच रंगवलेले. एमपी४ आणि पारदर्शक हे दोन शब्द शेजारी दिसले की उतरवण्याआधी थांबा.

पाटी वेबएम (वेबसाठीचा व्हिडिओचा डबा) होती. ब्राउझरमध्ये टाकली, मागचा रंग आरपार दिसला, म्हणजे अल्फा आहे. प्रोरेस ४४४४ मध्ये कन्व्हर्ट केली, टाइमलाइनवर ठेवली, तर चंद्रावर काळा आयत. दोन संध्याकाळी मी आउटपुटच्या सेटिंग्ज उलटसुलट करण्यात घालवल्या, आणि दोष तिथे नव्हताच. शेवटी एफएफप्रोबने (एफएफएमपेगसोबत येणारं, फाइल तपासण्याचं साधन) मूळ फाइल तपासली. पिक्सेल फॉरमॅटमध्ये अल्फाचा पत्ता नाही, पण खाली माहितीत एक ओळ: अल्फा मोड १.

त्या ओळीत सगळं होतं. वेबएममध्ये व्हीपी९ या कोडेकचा अल्फा मुख्य चित्रात नसतो. तो शेजारी वेगळा दाबून ठेवलेला असतो. माझ्याकडच्या आवृत्तीतला एफएफएमपेगचा स्वतःचा व्हीपी९ डीकोडर (दाबलेला व्हिडिओ उलगडणारा भाग) फक्त मुख्य चित्र वाचतो आणि शेजारचं सोडून देतो. इनपुटच्या आधी डीकोडर म्हणून लिबव्हीपीएक्स-व्हीपी९ चं नाव लिहिलं, की अल्फा सोबत येतो. एका शब्दाची भर. तेव्हापासून नियम केला आहे की कन्व्हर्ट करण्याआधी प्रत्येक फाइल एफएफप्रोबमधून जाणार. फाइलीच्या पोटात काय आहे हे नावाच्या शेपटीवरून कळत नाही.

चांदणी जीआयएफ होती. तिच्यावर फार वेळ घालवला नाही. जीआयएफला एका फ्रेममध्ये २५६ च रंग, आणि पारदर्शकता 'आहे' किंवा 'नाही' एवढीच, मधली छटा नाही. चांदणीचं विरत जाणारं तेज त्यात मावत नाही, कडेला पांढरे दातेच राहतात. ते कुठल्याही कन्व्हर्टरने परत येणार नाही, कारण ते फाइलीत नाहीच. जीआयएफ घ्यायचीच असेल तर वेळ मात्र तपासा: फ्रेममधला खंड शंभरांश सेकंदांत लिहिलेला असतो, त्यामुळे २५ चा वेग नेमका बसतो (४ शंभरांश), ३० चा बसत नाही. मी ती सोडून काळ्यावरची पांढरी चांदणी घेतली आणि तिला 'स्क्रीन' लावला. तिथे तो मोड शोभतो.

बाण लॉटीमध्ये होता, आणि या प्रकाराच्या मी प्रेमातच पडले आहे. लॉटी म्हणजे जेसन मजकुराची फाइल. चित्र नाही, चित्र कसं काढायचं याची कृती. साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडली. फ्रेमदर ६०, फ्रेम्स १२०, म्हणजे दोन सेकंदांचा बाण. माझी टाइमलाइन २५ ची, आणि ६० ला २५ ने भाग जात नाही. तसंच आणलं असतं तर गती अडखळली असती. फाइलीतच ६० च्या जागी ५० लिहिलं. बाण २.४ सेकंदांचा झाला, जो मला उलट बरा वाटला, आणि आता एकाआड एक फ्रेम घेतली की नेमक्या ६० उरतात. रंगही तिथेच बदलला. लाल, हिरवा, निळा हे ० ते १ मधल्या आकड्यांत लिहिलेले असतात, मी शुद्ध लाल केला. मग हव्या त्या आकारात पीएनजी मालिका काढली. वेक्टर असल्यामुळे मोठा केला तरी कडा धारदार.

तिसरा आठवडा: रंग आणि कडा

पीएनजींची मालिका प्रोरेसमध्ये नेली आणि लाल बाण किंचित केशरी झाला. रंग मोजला, तर हिरव्याचा आकडा ० असायला हवा तिथे २५५ पैकी २५ च्या आसपास. चंद्र मात्र जसाच्या तसा.

या फरकानेच कारण दाखवलं. पीएनजीत रंग लाल-हिरवा-निळा असे असतात, प्रोरेसमध्ये उजेड आणि रंगफरक असे वेगळे. एकातून दुसऱ्यात नेण्याची सूत्रं दोन: जुन्या कमी रेझोल्यूशनच्या व्हिडिओचं बीटी.६०१ आणि एचडीचं बीटी.७०९. एफएफएमपेगने न सांगता पहिलं वापरलं, केडेनलाइव्हने आकार पाहून दुसरं धरलं. राखाडी रंगात रंगफरक शून्यच असतो, म्हणून चंद्रावर दोन्ही सूत्रांचं उत्तर एकच येतं. नुसता चंद्र घेऊन बसले असते तर ही चूक कधीच दिसली नसती. स्केल फिल्टरमध्ये आउटपुटचं सूत्र बीटी.७०९ सांगितलं आणि फाइलीवर तशी खूणही लावली. बाण पुन्हा लाल.

पाटीच्या तेजाभोवती बारीक काळपट किनार येत होती. हा अल्फा साठवण्याच्या दोन पद्धतींचा घोळ. एकीत रंग जसाच्या तसा राहतो (पीएनजीत असाच असतो), दुसरीत तो आधीच अल्फाने गुणलेला असतो. गुणलेला रंग एडिटरने साधा समजून पुन्हा गुणला की अर्धपारदर्शक कडा काळवंडतात. एफएफएमपेगच्या अनप्रीमल्टिप्लाय फिल्टरने तो गुणाकार मागे घेतला आणि किनार गेली. तुमच्याकडे उलट, पांढरट किनार येत असेल तर दिशा उलटी असण्याची शक्यता पाहा.

परवान्यांची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवते आहे. प्रत्येक क्लिपच्या फोल्डरमध्ये एक मजकुराची फाइल: कुठून घेतली, कोणत्या तारखेला, तेव्हाचा परवाना काय. तारीख महत्त्वाची, कारण संग्रह आपले परवाने बदलतात. पिक्साबे या संग्रहावरचं साहित्य पूर्वी सीसी० (कोणतीही अट नसलेला परवाना) खाली होतं, २०१९ पासून त्यांचा स्वतःचा परवाना आहे. पाटी सीसी बाय खालची आहे, म्हणून तिच्या कर्त्याचं नाव शेवटच्या श्रेयपाटीवर जाईल, आणि नासाच्या स्टुडिओचंही.

आता उरलं आहे ते आवाजाचं काम आणि एक छोटी हौस. महिन्याभरात चंद्र किंचित डोलतो, त्यामुळे त्याच्या कडेचे भाग आत-बाहेर होतात. फ्रेम्समध्ये ते डोलणं स्पष्ट दिसतं. उजव्या कडेजवळच्या मारे क्रिसियम या गडद डागाला बाण चिकटवून तो कडेपासून किती सरकतो हे दाखवायचं आहे. त्या मजकुराच्या फाइलीत डोलण्याचे रेखांश-अक्षांशही दर तासाला दिलेले आहेत, म्हणजे बाणाच्या कीफ्रेम्स तिथूनच काढता येतील. शनिवारी त्याला बसते.