निवडता येतात हो पोरं!

तुम्ही विचारलंत म्हणून. "1967 नंतर एकही स्टॅनले कप नाही. तुमच्या मेपल लीफ्सना ड्राफ्टमध्ये धड पोरं निवडता येत नाहीत का?" मेपल लीफ्स म्हणजे आमचा आइस हॉकीचा संघ, स्टॅनले कप म्हणजे त्यातलं सर्वांत मोठं विजेतेपद आणि ड्राफ्ट म्हणजे दरवर्षी संघांनी आळीपाळीने नवी पोरं निवडायची. टोरोंटोत राहतो म्हटल्यावर दर एप्रिलमध्ये कुणीतरी हे विचारतंच.

येतात. निदान कधीकधी. 1989 चं समर्थन मी करणार नाही. पहिल्या फेरीत तीन निवडी हातात आणि तिन्ही पोरं बेलव्हिल बुल्स या एकाच ज्युनियर संघातली! पण आमचं दुखणं निवडण्याचं नाही, निवडलेलं घालवण्याचं आहे. टॉम कर्व्हर्स नावाच्या एका खेळाडूसाठी 1991 ची पहिल्या फेरीची निवड न्यू जर्सीच्या संघाला देऊन बसलो. तिच्यावर त्यांनी स्कॉट नीडरमायर घेतला. पुढे त्याचे चार कप.

आणि टुका रास्क. 2005 मध्ये एकविसाव्या क्रमांकावर आम्हीच घेतलेला गोली, म्हणजे गोलरक्षक. आमच्याकडून एकही मॅच न खेळवता वर्षभरात बॉस्टनला, म्हणजे ब्रुइन्सना, दिला, अँड्र्यू रेक्रॉफ्ट या त्यांच्या गोलीच्या बदल्यात.

13 मे 2013. प्लेऑफमधल्या मालिकेची सातवी, निर्णायक मॅच, बॉस्टनमध्ये. तिसऱ्या, शेवटच्या पिरियडमध्ये आमच्या काद्रीने 4-1 केलं आणि मी पुण्याला भावाला फोन लावला. तिकडे सकाळ, त्याचा चहा चाललेला. म्हटलं, जिंकलो. मग त्यांच्या हॉर्टनने एक मारला. असू दे. शेवटची दोन मिनिटं उरली, ब्रुइन्सनी गोली काढून त्याच्या जागी हल्ल्याला सहावा स्केटर उतरवला. लुचिचचा गोल. अर्ध्या मिनिटात बर्जरॉनचा. तेव्हा त्यांचा तो अवाढव्य चारा आमच्या गोलीच्या, रायमरच्या, तोंडासमोर उभा, पक (खेळातली चकती) दिसणार कुठून? ओव्हरटाइममध्ये पुन्हा बर्जरॉन. पलीकडच्या गोलात रास्क, हात वर करून. "अरे, जिंकलो म्हणालास ना?" फोन चालूच होता.

तेव्हा मी भांडायचो, एकदा ड्राफ्टमधली अगदी पहिली निवड मिळू द्या, मग बघा. 2016 मध्ये मिळाली. मॅथ्यूज आला, मार्नर, नीलँडर आधीच घेतलेले. तिघंही अव्वल. तरी 2024 मध्ये पुन्हा सातवी मॅच, पुन्हा बॉस्टन, पुन्हा ओव्हरटाइम. गोल त्यांच्या पास्तर्नाकचा. 2014 मध्ये आम्ही आठव्या क्रमांकावर नीलँडर घेतला तेव्हा हा शिल्लक होता. मग निवडच चुकली म्हणायची? अजिबात नाही. पंचविसाव्या क्रमांकापर्यंत सगळ्यांनीच त्याला सोडलं होतं. नीलँडरबद्दल वाकडं ऐकून घेणार नाही.

2025 मध्ये मार्नर वेगासला गेला. भाऊ म्हणाला, काद्रीने 2022 ला कोलोरॅडोत जाऊन कप उचलला, आता हाही उचलणार. म्हटलं, उचलू दे. निवडला आम्हीच होता.